सक्तीच्या सैन्यभरतीची यादी आणि पारलिंगी तरुण: अमेरिकेत नोंदणी कोणाला बंधनकारक?

अमेरिकेतील मराठी घरात मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्या सुमारास टपालाने एक सरकारी पत्र येते. ते ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम’ या संस्थेचे असते. देशावर प्रसंग ओढवून सक्तीची सैन्यभरती करावी लागलीच, तर कोणाला बोलवायचे याची यादी ही संस्था तयार ठेवते. कॉलेज-प्रवेशाच्या धांदलीत ते पत्र काही दिवस बाजूला पडते आणि मग एखाद्या संध्याकाळी संगणकावर दोन मिनिटांत काम उरकले जाते. बहुतेक घरांत या विषयावर एवढीच चर्चा होते.

परंतु काही घरांत हेच पत्र अवघड ठरते. जन्मदाखल्यावर ‘मुलगा’ अशी नोंद असलेले अपत्य आता मुलगी म्हणून जगत असेल, नाव बदललेले असेल, वाहन परवान्यावरही स्त्री अशी नोंद असेल, तर तिने या यादीत नाव नोंदवायचे की नाही? उलट, जन्मतः मुलगी म्हणून नोंदलेला आणि आज पुरुष म्हणून जगणारा तरुण या यादीत येतो का? प्रश्न तात्त्विक वाटला तरी त्याच्या उत्तरावर सरकारी नोकरी आणि नागरिकत्व यांसारख्या गोष्टी अवलंबून असतात. शिवाय हे उत्तर शोधायला मुदत आहे. सव्विसाव्या वाढदिवसानंतर नोंदणीचे दार बंद होते आणि पुन्हा उघडत नाही.

नियम काय सांगतो?

थोडक्यात उत्तर असे: सिलेक्टिव्ह सर्व्हिस जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग ग्राह्य धरते. जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीने पुढे लिंगबदल केला, नाव बदलले, कागदपत्रे बदलली, तरी तिला नोंदणी बंधनकारक आहे. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीला ती नाही. म्हणजेच पारलिंगी स्त्रीने नोंदणी करायची आहे आणि पारलिंगी पुरुषाने करायची नाही. स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी कोणत्याही चौकटीत न बसवणाऱ्या व्यक्तींनाही हीच कसोटी लागू होते.

हा नियम सध्याच्या प्रशासनाने आणलेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. लिंगविषयक धोरणांत वॉशिंग्टनमध्ये सत्तेगणिक मोठे चढउतार झाले. या संस्थेची भूमिका मात्र डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही राजवटींत कायम राहिली. त्यामुळे ‘सरकार बदलले की नियमही बदलेल’ या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे.

‘पुरुष’ हा शब्द कायद्यात कसा राहिला?

या कसोटीचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेतील सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये संपली. त्यापूर्वी व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुमारे १८ लाख तरुणांना सक्तीने सैन्यात घेण्यात आले होते. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नोंदणीही स्थगित केली. पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर, १९८० मध्ये, जिमी कार्टर यांनी ती पुन्हा सुरू केली. तेव्हा स्त्रियांचीही नोंदणी व्हावी, असा कार्टर यांचा प्रस्ताव होता. काँग्रेसने तो स्वीकारला नाही आणि कायद्यात केवळ पुरुष राहिले.

या भेदाला न्यायालयात आव्हान देण्यात आले. १९८१ मध्ये ‘रोस्टकर विरुद्ध गोल्डबर्ग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी कायदा वैध ठरवला. सक्तीच्या भरतीचा हेतू लढणारे सैनिक मिळवणे हा आहे आणि स्त्रियांना तर लढाऊ पदांवर मज्जावच आहे, तेव्हा दोघांना वेगळे वागवणे घटनाबाह्य नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा आधार पुढे ढासळला. डिसेंबर २०१५ मध्ये संरक्षणमंत्री ॲश्टन कार्टर यांनी सर्व लढाऊ पदे स्त्रियांना खुली केल्याची घोषणा केली. २०१९ मध्ये टेक्सासमधील एका संघीय न्यायाधीशांनी केवळ पुरुषांची नोंदणी घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला, कारण सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा निकाल बदलण्याचा अधिकार त्या न्यायालयाला नव्हता. मार्च २०२० मध्ये काँग्रेसनेच नेमलेल्या आयोगाने स्त्रियांचीही नोंदणी करावी अशी शिफारस केली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. काँग्रेस या प्रश्नाचा विचार करीत असताना न्यायालयाने थांबणे योग्य, असे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी स्वतंत्र टिपणात नमूद केले. काँग्रेसने मात्र स्त्रियांच्या नोंदणीचा निर्णय घेतला नाही.

परिणामी १९८० मधला ‘पुरुष’ हा शब्द आजही कायद्यात तसाच आहे. लिंगबदल केलेल्या व्यक्तीसाठी त्याचा अर्थ काय लावायचा, हे कायद्याचे कलम सांगत नाही. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेने त्याचा अर्थ जन्मनोंदीशी बांधला. स्त्री-पुरुष सर्वांचीच नोंदणी झाली असती, तर हा पेच उद्भवलाच नसता.

नोंदणी म्हणजे भरती नव्हे

या विषयाची धास्ती घेणाऱ्या कुटुंबांनी एक फरक समजून घ्यावा. यादीत नाव असणे म्हणजे सैन्यात जाणे नव्हे. आज अमेरिकेत सक्तीची भरती नाही. ती पुन्हा सुरू करायची तर काँग्रेसला कायदा करावा लागेल आणि राष्ट्राध्यक्षांना त्यावर सही करावी लागेल. त्यानंतर सोडत काढली जाईल आणि त्या वर्षी वीस वर्षांचे होणाऱ्यांना आधी बोलावले जाईल.

बोलावणे आल्यावरही सूट मागण्याचा मार्ग असतो. तपासणीसाठी अथवा भरतीसाठी हजर होण्याचा आदेश मिळाल्यास पारलिंगी स्त्री सूट मिळण्यासाठी दावा दाखल करू शकते, असे संस्थेचेच म्हणणे आहे. मात्र हा दावा आदेश आल्यानंतर करायचा असतो. ‘उद्या मला सूट मिळणारच आहे, मग आज नोंदणी कशाला?’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. दिव्यांग व्यक्ती आणि धर्माने वा विवेकाने युद्धाला विरोध करणाऱ्या व्यक्ती यांनाही हाच क्रम पाळावा लागतो. त्यांनीही आधी नोंदणी करायची आणि सूट नंतर मागायची.

नोंदणी न केल्यास काय होते?

कागदावर शिक्षा कठोर आहे. जाणूनबुजून नोंदणी टाळणे हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात १९८० च्या दशकानंतर असे खटले भरले गेलेले नाहीत. म्हणून अनेकांची समजूत होते की हा कायदा नावापुरताच उरला आहे. पण त्याची खरी झळ अन्य मार्गांनी पोहोचते.

पहिला मार्ग संघीय सरकारच्या नोकरीचा. १९५९ नंतर जन्मलेल्या आणि नोंदणी बंधनकारक असूनही ती न केलेल्या व्यक्तीला संघीय कार्यकारी विभागांतील नोकरी नाकारली जाऊ शकते. दुसरा मार्ग सरकारी अर्थसाहाय्याने चालणाऱ्या रोजगार-प्रशिक्षणाचा. तिसरा मार्ग राज्यांचा: काही राज्यांत शैक्षणिक मदत किंवा राज्य सरकारची नोकरी या नोंदणीशी जोडलेली आहे. संघीय विद्यार्थी-अर्थसाहाय्यासाठीची अट मात्र काँग्रेसने काढून टाकली आहे. पालकांच्या अनेक गटांत अजूनही ‘नोंदणी नाही तर फाफ्सा नाही’ असे सांगितले जाते, ते आता खरे नाही.

चौथा मार्ग मराठी वाचकांच्या अधिक जवळचा आहे, तो म्हणजे नागरिकत्वाचा.

ग्रीन कार्ड, व्हिसा आणि महापालिकेचा जन्मदाखला

नोंदणीचे बंधन केवळ नागरिकांना आहे, हा एक सार्वत्रिक गैरसमज. १८ ते २५ वयोगटातील ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रयप्राप्त आणि कागदपत्रांविना राहणारे स्थलांतरित या सर्वांना ते लागू आहे. अमेरिकेत जन्मलेला आणि आईवडिलांबरोबर पुण्याला परतलेला मुलगाही अमेरिकी नागरिक असल्याने त्यातून सुटत नाही. सूट आहे ती एफ-१, एच-४, एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर वैधपणे राहणाऱ्यांना, तीही तो दर्जा कायम असेपर्यंतच. सव्विसाव्या वाढदिवसापूर्वी ग्रीन कार्ड हाती आले की तीस दिवसांत नोंदणी करणे आवश्यक ठरते.

नागरिकत्वाच्या अर्जात सिलेक्टिव्ह सर्व्हिसविषयी थेट प्रश्न असतो. अर्जदार २६ वर्षांखालील असेल आणि नोंदणीस नकार देत असेल, तर अर्ज मंजूर होत नाही. २६ ते ३१ या वयात तिला किंवा त्याला हे दाखवून द्यावे लागते की नोंदणी राहून गेली ती हेतुपुरस्सर नव्हे. ३१ नंतर सामान्यतः ही अडचण उरत नाही, कारण सद्वर्तन तपासण्याची पाच वर्षांची मुदत तोवर मागे पडलेली असते.

आता पारलिंगी अर्जदाराची स्थिती पाहू. एखादी तरुणी चोविसाव्या वर्षी ग्रीन कार्डधारक झाली. ती स्त्री म्हणून जगते, सहकारी तिला स्त्री म्हणूनच ओळखतात, आणि ‘पुरुषांनी नोंदणी करावी’ हे वाक्य आपल्यासाठी आहे असे तिला वाटत नाही. सव्विसावे वर्ष उलटते. अठ्ठाविसाव्या वर्षी नागरिकत्वाच्या मुलाखतीत तिच्या जन्मदाखल्यावरून हा प्रश्न उभा राहतो, आणि स्वतःची ओळख प्रामाणिकपणे जगणे हेच ‘कर्तव्य टाळणे’ नव्हते ना, याचा खुलासा तिला करावा लागतो. नियम ठाऊक नव्हता, हे स्पष्टीकरण ग्राह्य धरले जाऊ शकते. पण ते पटवून देण्याचा भार तिच्यावर असतो.

एप्रिल २०२५ पासून अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभाग अर्जदाराचे लिंग ठरवताना जन्माच्या वेळचा, किंवा जन्माला सर्वांत जवळच्या काळातला, जन्मदाखला प्रमाण मानतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘नालसा’ निकालाद्वारे आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि त्यानंतर अनेकांनी आपली भारतीय कागदपत्रे बदलून घेतली. अमेरिकेतील अर्जापुरता मात्र ठाणे, नाशिक वा कोल्हापूर येथील महापालिकेच्या वहीत पंचवीस वर्षांपूर्वी लिहिला गेलेला शब्दच पुढे येतो.

पारलिंगी पुरुषांची वेगळी अडचण

जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या तरुणाला नोंदणी करायची नाही, हे ऐकायला सोपे वाटते. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. त्याच्या परवान्यावर पुरुष अशी नोंद असते, दिसण्या-वागण्यात तो पुरुष असतो. नोकरीच्या अर्जावर त्याला विचारले जाते, ‘नोंदणी क्रमांक कुठे आहे?’ खरे उत्तर द्यायचे तर आपली खासगी बाब अनोळखी अधिकाऱ्यासमोर उघड करावी लागते. उत्तर टाळले तर कायदा मोडल्याचा संशय येतो.

यासाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून ‘स्टेटस इन्फर्मेशन लेटर’ मागवता येते. संबंधित व्यक्तीला नोंदणी बंधनकारक होती की नव्हती, हे त्या पत्रात नमूद असते. ते विनामूल्य मिळते. अर्जासोबत जन्मदाखल्याची प्रत द्यावी लागते. जन्मदाखला आधीच बदलून घेतला असेल, तर जन्माच्या वेळचे लिंग दाखवणारा दुसरा पुरावा जोडावा लागतो. म्हणून दाखला बदलून घेण्यापूर्वी मूळ दाखल्याची प्रमाणित प्रत जपून ठेवणे शहाणपणाचे. गरज पडेपर्यंत थांबण्यापेक्षा हे पत्र आधीच मागवून कागदपत्रांत ठेवलेले बरे.

यादीत हवेत, सैन्यात नकोत

या साऱ्यातील सर्वांत ठळक विसंगती अशी की, ज्या पारलिंगी स्त्रियांना कायदा यादीत नाव घालायला सांगतो, त्यांना सैन्य मात्र आपल्यात घ्यायला तयार नाही.

गेल्या दहा वर्षांत हे धोरण चार वेळा उलटसुलट झाले. जून २०१६ मध्ये ओबामा प्रशासनाने पारलिंगी सैनिकांवरील बंदी उठवली. जुलै २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ती पुन्हा लादण्याची घोषणा केली आणि न्यायालयीन लढाईनंतर एप्रिल २०१९ मध्ये निर्बंध लागू झाले. जानेवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी ते रद्द केले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्याच आठवड्यात नवा आदेश काढला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटले सुरू असतानाही त्याची अंमलबजावणी करण्यास परवानगी दिली. अनेक वर्षे सेवा केलेल्या पारलिंगी सैनिकांना त्यामुळे गणवेश उतरवावा लागला.

म्हणजे वीस वर्षांची पारलिंगी तरुणी स्वेच्छेने सैन्यात जाऊ पाहील, तर तिला दार बंद आहे. तीच तरुणी सक्तीच्या भरतीच्या यादीत नाव घालण्यास विसरली, तर ती कायद्याने दोषी ठरू शकते. कायदेशीरदृष्ट्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: नोंदणी हा काँग्रेसचा कायदा आहे, तर सेवेतील प्रवेश हे संरक्षण खात्याचे धोरण. पण दोन्हींचा भार ज्या व्यक्तीवर येतो ती एकच असते.

जिथे सक्तीची भरती प्रत्यक्षात होते, तिथे हा प्रश्न कसा हाताळला जातो याचे उदाहरण म्हणून थायलंडकडे पाहता येईल. तिथे दर एप्रिलमध्ये सैन्यभरतीची सोडत निघते आणि कायद्याने पुरुष असलेल्या पारलिंगी स्त्रियांनाही हजर राहावे लागते. पूर्वी त्यांना सूट देताना लष्करी दाखल्यावर ‘कायमचा मानसिक विकार’ असा शेरा मारला जाई आणि पुढे नोकरी मागताना तो शेरा आड येई. २०११ मध्ये तेथील प्रशासकीय न्यायालयाने हा शब्दप्रयोग रद्द करण्यास सांगितले. आता जन्मलिंगाशी लिंगओळख न जुळणे, अशा आशयाची नोंद होते. सूट मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणत्या शब्दांत मिळते हेही महत्त्वाचे असते, हे त्या प्रकरणाने दाखवले.

स्वयंचलित नोंदणीचे नवे वळण

अमेरिकेत आता ही व्यवस्थाच बदलण्याच्या मार्गावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या वार्षिक संरक्षण कायद्यात स्वयंचलित नोंदणीची तरतूद आहे. सही झाल्यापासून एका वर्षाने ती लागू होणार असून, त्यानंतर तरुणांनी स्वतः अर्ज भरण्याऐवजी सिलेक्टिव्ह सर्व्हिस संघीय माहितीसाठ्यांच्या आधारे त्यांची नावे यादीत घालील.

‘विसरलो म्हणून नागरिकत्व अडले’ हा प्रकार त्यामुळे कमी व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. पारलिंगी व्यक्तींसाठी मात्र यात वेगळी काळजी दडलेली आहे. त्यांची नोंद सर्वत्र सारखी नसते. राज्याने दिलेल्या परवान्यावर एक लिंग, जुन्या पासपोर्टवर दुसरे, मूळ जन्मदाखल्यावर तिसऱ्याच नावासह काही वेगळे, असे अनेकदा घडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पासपोर्टवर जन्मलिंगच छापण्याच्या धोरणाची अंमलबजावणी करू दिल्यानंतर ही तफावत अधिकच वाढली. विसंगत नोंदींवर चालणारी यंत्रणा पारलिंगी पुरुषाचे नाव चुकून यादीत घालू शकते, तसेच पारलिंगी स्त्रीचे नाव वगळूही शकते. आजवर अर्ज भरताना व्यक्तीला निदान प्रश्न तरी विचारला जात होता.

आज करण्याजोगे

जन्मतः पुरुष म्हणून नोंद असलेल्या आणि अद्याप २६ वर्षांच्या न झालेल्या नागरिक वा ग्रीन कार्डधारक व्यक्तीने आपले नाव यादीत आहे की नाही हे आधी तपासावे. आडनाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक देऊन संस्थेच्या संकेतस्थळावर ते पाहता येते. परवाना काढताना अनेक राज्यांत ही नोंदणी आपोआप होते. पण परवान्यावर स्त्री अशी नोंद असेल, तर ती झालीच असेल असे गृहीत धरू नये. नोंदणीनंतर पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवायचा असतो, आणि नाव कायदेशीररीत्या बदलल्यास तेही कागदपत्रांसह दुरुस्त करून घ्यावे, म्हणजे जुने व नवे नाव ही एकच व्यक्ती आहे हे पुढे सिद्ध करत बसावे लागत नाही.

तात्पुरत्या व्हिसावर सव्विसावे वर्ष ओलांडणाऱ्यांनी आय-२०, आय-७९७ यांसारखे त्या काळातील कागद सांभाळावेत. सूट होती हे त्यावरूनच दाखवता येते. ज्यांचे वय उलटून गेले आहे आणि नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, त्यांनी अर्जापूर्वी स्थलांतर-कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

पालकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अठराव्या वर्षी येणारे ते पत्र बहुधा जुन्या नावाने येते. स्वतःच्या ओळखीबद्दल नुकतेच घरी बोलू लागलेल्या मुलीला, ‘तू कायद्याने पुरुषच आहेस’ असे सांगणारा तो कागद वाटू शकतो. तो कागद तिच्या ओळखीचा निवाडा करत नाही. एका जुन्या कायद्याने जन्मनोंदीतला एक रकाना पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणी केल्याने तिचे स्त्रीत्व नाकारले जात नाही, आणि न केल्याने ते सिद्धही होत नाही. हे शांतपणे सांगून, तिच्या शेजारी बसून तो अर्ज भरणारे कोणी घरात असेल, तर पुढच्या दहा वर्षांतले बरेच प्रश्न उभेच राहणार नाहीत.